वाल्हे ते लोणंद: माउलींच्या पालखीबरोबर एक ग्रामीण टप्पा चालणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा टप्पा नेमका कोठून कोठपर्यंत आहे?

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत होते आणि आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरपुरात पोहोचते. सुमारे 250 किलोमीटरच्या या वाटेवर पुणे, सासवड आणि जेजुरी हे मुक्काम मागे पडल्यावर पालखी वाल्ह्याला येते. वाल्ह्याहून सकाळी निघालेला सोहळा पिंपरे खुर्द येथे सकाळचा विसावा घेतो, नीरा गावात दुपारच्या भोजनासाठी थांबतो, नदीवरच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते आणि संध्याकाळी सोहळा लोणंदच्या तळावर विसावतो. हे अंतर सुमारे 20 किलोमीटरचे आहे. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका संपतो आणि पाडेगावच्या हद्दीत सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका सुरू होतो.

आळंदी ते पुणे हा टप्पा जवळचा आणि सोयीचा असताना हा ग्रामीण टप्पा का निवडावा?

शहरात राहणारे अनेक जण आळंदी ते पुणे हा टप्पा चालतात, काही जण पुढे दिवे घाट चढून सासवडपर्यंत जातात, आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र त्या दोन दिवसांत रस्त्यावर जितके वारकरी असतात तितकेच, कदाचित त्याहून अधिक, पाहणारे असतात. दिव्यांच्या खांबाखाली उभे राहून पुढे सरकणाऱ्या गर्दीत दिंडीची ओळ कोठे सुरू झाली आणि कोठे संपली, हेही नीट कळत नाही. जेजुरीत भंडाऱ्याची उधळण झाली, दौंडजची खिंड ओलांडली आणि वाल्हे मागे टाकले, की पाहणारे गळतात आणि चालणारे उरतात. तेथे दिंडीचा क्रम, भजनाची बैठक, विसाव्याची शिस्त आणि गावकऱ्यांची सेवा या गोष्टी आपापल्या जागी दिसू लागतात. वारी समजून घ्यायची इच्छा असलेल्या आणि एकच दिवस हाती असलेल्या माणसाने तो दिवस या बाजूला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. पुरंदरचा हा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत येतो. पुण्याला पाऊस लागलेला असला तरी येथे बहुधा वारा, ढग आणि मधूनच भुरभुर एवढेच असते. बाजरीची पेरणी पावसाकडे डोळे लावून थांबलेली असते. नीरेच्या पलीकडे कालव्याचे पाणी पोहोचल्यामुळे उसाची हिरवी शेते सुरू होतात. कोरडवाहू मुलूख आणि बागायती मुलूख यांच्यातील ही सीमा एका दिवसात पायांनी ओलांडता येते.

चालण्याचा दिवस कसा ठरवावा?

वारी तिथीने चालते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. ज्या वर्षी आषाढाच्या आधी अधिक मास येतो त्या वर्षी ती बरीच पुढे जाते. देवस्थानकडून प्रस्थानाच्या पुरेशा आधी मुक्कामांचे वेळापत्रक जाहीर होते आणि वर्तमानपत्रांतही ते छापून येते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाल्यास लोणंद, फलटण अशा मुक्कामांच्या रात्री कमी-अधिक होतात. म्हणून मागील वर्षीच्या वेळापत्रकावर विसंबून रेल्वेचे आरक्षण करू नये.

कोणत्याही जातिधर्माच्या आणि माळ न घातलेल्या व्यक्तीला चालता येते का?

होय, चालता येते. गळ्यात तुळशीची माळ घालणे हे वारकऱ्याचे व्रत आहे. एका दिवसाच्या पाहुण्यासाठी ती अट नाही. त्या दिवशी मद्य, मांसाहार आणि तंबाखू यांपासून दूर राहावे, एवढी अपेक्षा मात्र सर्वांकडून असते आणि ती रास्त आहे.

दिंडीत चालावे की मोकळे चालावे?

दिंडीत चालावे. हा या सर्व उत्तरांमधील माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे.

माउलींच्या सोहळ्यात रथापुढे 27 दिंड्या असतात आणि रथामागे त्यांच्या कितीतरी पट दिंड्या असतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तो क्रम कोणीही मोडत नाही. ही रचना आपोआप झालेली नाही. संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे स्वरूप दिले. दिंड्यांची रचना, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे अश्व आणि दिवसाचा ठरलेला भजनक्रम या सर्वांमागे त्यांची दृष्टी आहे. रस्त्याच्या कडेने हातात पाण्याची बाटली घेऊन झपाझप चालणाऱ्याला 20 किलोमीटरचे अंतर कळते. ही रचना मात्र ओळीच्या आत पाय टाकल्याशिवाय कळत नाही.

दिंडीशी आधी ओळख असणे उत्तम. बहुतेक गावांत आणि शहरांच्या अनेक पेठांत दिंडीशी नाते असलेले एखादे घर असतेच; त्यांच्यामार्फत दिंडीप्रमुखांना आधी सांगून ठेवावे. संपूर्ण वारी करणारे वारकरी जेवणखाण, तंबू आणि ट्रकमधील सामानाची व्यवस्था यांसाठी दिंडीकडे भिशी भरतात. एका दिवसासाठी येणाऱ्याकडे कोणी भिशी मागत नाही, परंतु आपण होऊन शिधा किंवा रक्कम द्यावी. ओळख नसेल तर सकाळी दिंडीच्या मागच्या बाजूला नमस्कार करून, ‘माउली, आज तुमच्याबरोबर चालू का?’ असे विचारावे. नकार क्वचितच मिळतो. दिंड्यांबाहेर स्वतंत्रपणे चालणारा मोकळा समाजही मोठा असतो आणि त्यांची भक्ती कोठेही कमी नाही. प्रथमच येणाऱ्याने मात्र दिंडीचा आधार घ्यावा.

दिंडीत चालताना कोणते नियम पाळावेत?

दिंडीत साधारणपणे सर्वांत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्या मध्ये मृदंग, मागे विणेकरी आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या महिला असा क्रम असतो. पाहुण्याने टाळकऱ्यांच्या ओळीत घुसू नये, दोन ओळींमधून आडवे जाऊ नये आणि विणेकऱ्याला ओलांडून पुढे जाऊ नये. टाळ येत नसतील तर हातांनी टाळी द्यावी. भजनाचा क्रम ठरलेला असतो: सकाळी मंगलाचरण आणि भूपाळ्या, पुढे वासुदेव, गौळणी अशी प्रकरणे आणि संध्याकाळी हरिपाठ. त्यामुळे आपल्याला आवडणारा एखादा अभंग ‘घ्या’ असा आग्रह धरू नये. मोबाइलवरचे गाणे दिंडीजवळ मुळीच लावू नये.

सर्व जण एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि नमस्कार ‘राम कृष्ण हरी’ म्हणून होतो. एखादे आजोबा तुमच्या पाया पडायला वाकले तर संकोचून मागे सरू नये. आपणही वाकावे आणि त्यांच्या पायांना हात लावावा. या वाटेवर तो नमस्कार वयाला किंवा हुद्द्याला केलेला नसतो.

दिवस किती वाजता सुरू होतो आणि चालण्याचा वेग किती असतो?

वाल्ह्याच्या तळावर पहाटे तीनच्या सुमारासच हालचाल सुरू होते. टँकरच्या नळांखाली आंघोळी उरकतात, तंबूचे खुंटे उपटले जातात, पाल गुंडाळले जातात आणि सामानाचे ट्रक रस्ता भरण्यापूर्वी पुढे निघतात. निघण्याचे इशारे तीन वेळा होतात: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या आपापल्या जागी आणि तिसऱ्याला पालखी मार्गस्थ, असा त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. एका दिवसासाठी येणाऱ्याने सकाळी सहापूर्वी वाल्ह्यात असावे.

वेग एकसारखा नसतो आणि याचाच नवख्यांना जास्त त्रास होतो. भजनाच्या लयीत दिंडी कधी संथ सरकते, पुढे जागा मोकळी झाली की एकदम धावते, पुन्हा थांबते. सलग चालण्याची सवय असलेल्या धडधाकट तरुणालाही या थांबण्या-धावण्याने पोटऱ्या भरून येतात. विसाव्याला बसायला मिळाले की पाय पसरून बसावे. उभ्याने गप्पा मारत विसावा घालवू नये.

तयारी किती दिवस आधी सुरू करावी?

किमान एक महिना आधी रोज चालावे आणि शेवटच्या दोन आठवड्यांत निदान दोनदा सलग 12 ते 15 किलोमीटर, तेही उन्हात आणि डांबरी रस्त्यावर, चालून पाहावे. बागेतील मऊ वाटेवर केलेला सराव येथे पुरत नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचे जुने दुखणे असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

पायांची काळजी कशी घ्यावी? अनवाणी चालावे का?

अनवाणी चालणारे वारकरी आहेत, परंतु त्यांच्या पायांना वर्षभर शेतातील मातीची सवय असते. शहरातील माणसाने श्रद्धेपोटीही तापलेल्या डांबरावर हा प्रयोग करू नये; मधुमेह असणाऱ्याने तर मुळीच नाही, कारण बधिर झालेल्या तळव्याला भाजल्याचे कळत नाही आणि ती जखम पुढे महिनोन्महिने भरत नाही. नवे कोरे बूट घालून येऊ नये. निदान महिनाभर वापरलेले, बोटांपुढे थोडी जागा असलेले बूट किंवा पट्ट्याच्या चपला घालाव्यात. पाऊस आल्यास चपला लवकर सुकतात आणि बुटांतले ओले मोजे फोड आणतात. म्हणून मोज्यांची एक कोरडी जोडी पिशवीत असावी.

निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत, टाचांना आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. मांड्या काचणे ही तक्रार फोडांइतकीच मोठी आहे, पण लाजेपोटी तिच्याविषयी कोणी बोलत नाही. टाचेवर एखादी जागा चुरचुरू लागली की तेथेच कडेला बसावे, बूट काढावा, घाम पुसावा आणि त्या जागी चिकटपट्टी लावावी. ‘विसाव्याला बघू’ असे म्हणत पुढे गेलेल्या माणसाला विसाव्याला फोडच बघावा लागतो. आलेला फोड फोडून वरची कातडी सोलून काढू नये. तो फारच टणकला असेल तर वाटेवरील वैद्यकीय पथकाकडून निर्जंतुक सुईने कडेला छिद्र करून पाणी काढून घ्यावे आणि वर मलमपट्टी करावी.

नीरा आणि लोणंद येथे गावातील मंडळी वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देतात. पन्नाशीतला एखादा गृहस्थ पाटावर बसून अनोळखी म्हाताऱ्याची टाच मांडीवर घेतो, भेगांत तेल मुरवतो, अंगठ्याने तळवा दाबत वर घोट्यापर्यंत जातो आणि मग दुसरा पाय मागतो. ही सेवा आधी वृद्धांना मिळू द्यावी. पहिल्याच दिवशी दमलेल्या तरुणाने रांगेत पुढे उभे राहू नये.

बरोबर काय घ्यावे?

पाठीवरची पिशवी चार किलोच्या आत राहील असे पाहावे. पाण्याची लिटरभराची बाटली, जलसंजीवनीची पाकिटे, टोपी किंवा उपरणे, पावसासाठी मेणकापड किंवा प्लास्टिकचा मोठा कागद, पंचा, नेहमीची औषधे, चिकटपट्टी, स्वतःचे ताट आणि पेला एवढे पुरते. छत्री नको, दाट ओळीत तिची टोके शेजाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत येतात आणि या भागातील वाऱ्यात ती टिकतही नाही. मौल्यवान दागिने घरी ठेवावेत, कारण गर्दीत चोऱ्या होतात. मोबाइलला दुपारनंतर संपर्क मिळेनासा होतो. त्यामुळे घरच्यांचा आणि दिंडीप्रमुखांचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.

जेवण आणि पाणी मिळते का?

मिळते, आणि इतके मिळते की आवरावे लागते. वाल्ह्यापासून लोणंदपर्यंत चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पोहे, भाकरी-पिठले आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन लोक उभे असतात. दिंडीत असल्यास नीरेत पंगतीला बसावे. पंगतीत वाढण्याचे काम मागून घेतले तर अधिकच चांगले. पानात टाकू नये. आग्रहाने हातात ठेवलेली प्रत्येक वस्तू घेऊन पुढच्या वळणावर टाकून देणे हा अन्नाचा आणि देणाऱ्याचा अपमान आहे. पोट भरले असेल तर हात जोडून नाही म्हणावे, कोणाला वाईट वाटत नाही. देणाऱ्यांनाही एक विनंती करावीशी वाटते: वेष्टनातील बिस्किटे आणि प्लास्टिकचे पाण्याचे पेले यांच्याऐवजी शिजवलेले साधे अन्न आणि भांड्यातील पाणी दिले तर वारकऱ्यांच्या पोटाचेही भले होईल आणि गावाच्या नाल्यांचेही.

पिण्याचे पाणी शासनाच्या टँकरमधून किंवा ज्याच्या शुद्धीकरणाची खात्री आहे अशाच ठिकाणाहून घ्यावे आणि शंका असल्यास त्यात क्लोरिनचे थेंब घालून अर्धा तास थांबावे. रस्त्याकडेच्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसले तरी या काळात त्यावर पडणारा ताण मोठा असतो. कापून ठेवलेली फळे आणि बर्फाचे गोळे टाळावेत.

शौचालये असतात का? महिलांनी काय लक्षात ठेवावे?

तळांवर आणि मोठ्या विसाव्यांवर फिरती शौचालये उभी केलेली असतात आणि पूर्वीच्या तुलनेत ही व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. तरीही दोन विसाव्यांमधील वाटेवर सोय विरळ असते. त्यामुळे अनेक महिला पाणी पिणेच टाळतात, आणि उष्णतेने चक्कर येण्याचे ते एक मोठे कारण ठरते. पाणी कमी करू नये. वाटेवरील वस्त्यांतील घरांत विनंती केली तर न्हाणीघर उघडून देणाऱ्या बाया भेटतात. सोबत एखादी ओळखीची महिला असावी आणि अंधारात एकटीने तळाच्या कडेला जाऊ नये.

मासिक पाळी आली तर चालावे की नाही, हा प्रश्न अनेक मुली दबक्या आवाजात विचारतात. चालावे. इतके दिवस चालणाऱ्या वारीत प्रत्येक दिंडीतील कितीतरी महिलांना पाळी येतेच आणि त्या चालतच असतात. पादुकांचे दर्शन घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे; तेथे दुसऱ्याने निर्णय देऊ नये. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकावेत. शौचालयात टाकल्यास ते तुंबते आणि पाठीमागच्या शेकडो महिलांची गैरसोय होते.

नीरा स्नान म्हणजे काय, आणि ते कसे पाहावे?

दुपारचे भोजन आटोपून सोहळा नीरा गावातून निघतो आणि नदीवरच्या पुलावरून पाडेगावच्या बाजूला येतो. तेथे दत्त घाटाजवळ रथ थांबतो. पालखीतील चांदीच्या पादुका मानकरी हातांत घेतात आणि गर्दीतून मिळालेल्या चिंचोळ्या वाटेने पायऱ्या उतरतात. काठावरचा टाळांचा गजर टिपेला पोहोचतो, पादुका नीरेच्या पाण्यात धरल्या जातात, त्यांवर ओंजळीने पाणी घातले जाते आणि पुन्हा छातीशी धरून त्या वर आणल्या जातात. सारा विधी काही मिनिटांत आटोपतो. येथेच पुणे जिल्हा पालखीला निरोप देतो आणि सातारा जिल्हा तिचे स्वागत करतो.

घाटावर उभे राहायला जागा फार थोडी आहे. नवख्याने पायऱ्यांवर उतरण्याचा हट्ट करू नये. पुलावर मध्येच थांबून गर्दी तुंबवू नये, कारण पाठीमागून लोकांचा लोंढा येतच असतो. आपल्या दिंडीबरोबर पुढे सरकावे आणि काठावर जेथे जागा मिळेल तेथून हात जोडावेत. आंघोळ करायची असल्यास काठाशी, गुडघाभर पाण्यात आणि पोहता येणारे कोणी जवळ असतानाच करावी. वरच्या अंगाला वीर धरण आहे, आणि नदीला पाणी सोडलेले असेल तर वरून शांत दिसणाऱ्या प्रवाहालाही ओढ असते. कालव्यात तर उतरूच नये. त्याचे काठ गुळगुळीत असतात आणि आत पडलेल्याला धरायला काहीही नसते.

लहान मुलांना आणि वृद्धांना आणावे का?

दहा वर्षांखालील मुलांना संपूर्ण टप्प्यासाठी आणू नये. नीरा ते लोणंद हे सुमारे आठ किलोमीटर त्यांना झेपण्यासारखे आहे. मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. वृद्धांविषयी मात्र शहरी माणसाने फार काळजी करू नये: सत्तरी ओलांडलेल्या आजी या वाटेवर आपल्या पुढे चालताना दिसतील. कोणाला घेरी आली तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत आणि जवळचे वैद्यकीय पथक गाठावे किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

समाज आरती काय असते? तेथपर्यंत थांबावे का?

अवश्य थांबावे. लोणंदच्या तळावर पालखी पोहोचते तेव्हा सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात आणि हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार आपला चोप वर करतात आणि तो सारा नाद एका क्षणात थांबतो. ध्वनिक्षेपकावरून कोणी ओरडत नाही, पोलीस शिट्टी वाजवत नाहीत. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, म्हणजे पाणी मिळाले नाही, क्रमात कोणी घुसले किंवा जागा अपुरी पडली, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. बाकी सारा तळ शांत आणि एका कोपऱ्यातून तेवढेच टाळ ऐकू येत असतात. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकतात, निवाडा करतात आणि मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते, आरती होते आणि सर्व जण आपापल्या तंबूकडे वळतात.

एवढ्या मोठ्या समुदायात गाऱ्हाणे मांडायची आणि ते त्याच संध्याकाळी मिटवायची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि माझ्या दृष्टीने या सोहळ्याचे ते सर्वांत मोठे वैभव आहे. परतीच्या गाडीच्या घाईने हे चुकवू नये.

शेतकऱ्यांना आणि गावांना त्रास होऊ नये म्हणून काय करावे?

वारीचे दिवस हे पेरणीचेही दिवस असतात. नुकत्याच पेरलेल्या किंवा कोंब फुटलेल्या रानात बसण्यासाठी, जेवण्यासाठी किंवा जवळची वाट म्हणून पाय टाकू नये. पडीक जमीन आणि बांध कोणता, हे दिंडीतील शेतकरी वारकऱ्याला विचारावे. उघड्यावर घाण करू नये. आपला कचरा आपल्याच पिशवीत ठेवून लोणंदला डब्यात टाकावा. पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी गावाने काय आवरायचे असते, ते पाहिलेला माणूस रस्त्यावर कागदाचा कपटाही टाकणार नाही.

छायाचित्रे काढावीत का?

विचारून, थोडी आणि ओळीबाहेरून. नदीवर आणि टँकरजवळ उघड्यावर आंघोळ करणाऱ्या महिलांची छायाचित्रे दरवर्षी काढली जातात आणि पसरवलीही जातात. असे करणाऱ्याला जागच्या जागी थांबवणे हे प्रत्येकाचे काम आहे.

वाल्ह्याला कसे पोहोचावे आणि लोणंदहून कसे परतावे?

स्वतःची मोटार आणू नये. पालखीच्या दिवशी हा रस्ता इतर वाहनांसाठी बंद असतो आणि वाहतूक दूरच्या मार्गांनी वळवलेली असते. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही चारही स्थानके पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत आणि हाच या टप्प्याचा मोठा फायदा आहे. सर्वच गाड्या वाल्ह्याला थांबत नाहीत, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहावे. उत्तम मार्ग म्हणजे आदल्या दिवशी जेजुरीला उतरून पालखीबरोबर सुमारे 12 किलोमीटर चालत वाल्ह्याला यावे आणि रात्री दिंडीच्या तंबूत राहावे. वाल्मीकी ऋषींशी परंपरेने जोडलेले हे गाव त्यानिमित्ताने पाहूनही होते. मध्येच त्राण संपले तर नीरा स्थानकावरून परतता येते.

पालखी नसताना वर्षाच्या इतर दिवसांत हा टप्पा चालता येईल का?

येईल, परंतु तो अनुभव सर्वस्वी वेगळा आहे. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 965 म्हणून रुंद होत आहे. पंतप्रधानांच्या हस्ते 8 नोव्हेंबर 2021 रोजी या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रुंदीकरणात कडेची पुष्कळ जुनी झाडे गेली आणि नव्या रोपांची सावली मिळायला बरीच वर्षे लागतील. इतर दिवशी येथे वेगाने वाहने धावतात, म्हणून चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, पहाटे आणि हिवाळ्यातच चालावे. करोनाच्या काळात 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि 2022 मध्ये पायी सोहळा पुन्हा सुरू झाला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आणखी एक दिवस हाती असेल तर पुढे जावे का?

जावे. लोणंदहून तरडगाव हे अंतर सुमारे आठ किलोमीटरच आहे आणि पालखी दुपारी निघते. वाटेत चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते: दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून स्वाराचा आणि माउलींचा असे दोन अश्व धावत जातात. माउलींच्या अश्वावर कोणीही बसलेले नसते. अश्व पुढे जाताच त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी लोक वाकतात. त्या क्षणी ओळीच्या पुढच्या बाजूला उभे असाल तर मुलाचा हात घट्ट धरून ठेवावा आणि अश्व परत येण्याच्या आत मागे सरावे. रिंगण पाहून लगेच परतायचे असेल, तर लोणंद स्थानकापर्यंतचे अंतर पुन्हा पायीच जावे लागेल असे गृहीत धरून रात्रीची गाडी निवडावी, कारण तोपर्यंत रस्त्यावर वाहन मिळत नाही.